मृदंग वाजवणाऱ्या मामांबद्दल

माझे मामा दारुडे होते, असं मलकापुरात अजूनही काही लोक मानतात. मामांनी आयुष्यात दारू प्यायली नाही. गळ्यात तुळशीची माळ होती, आणि आमच्या भजनी मंडळात मृदंग त्यांच्याशिवाय कोणाच्या हाती जात नसे.

मामा कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग मिलमध्ये बॉयलर सांभाळत. मी बी.एस्सी. होऊन तिथेच ऑफिसात चिकटलो होतो. दारूबंदी सैल झाल्यावर गावाबाहेर परवान्याची मोहाची भट्टी निघाली. दारू काढून उरलेला मोहाचा चोथा ते नाल्याकाठी ओतत. त्या चोथ्यात गोडी आणि कस शिल्लक असतो, तो काढून सरकीच्या ढेपेत, म्हणजे पेंडीत, मिसळला तर गुरांना पौष्टिक खाद्य होईल, ही कल्पना माझी. झाकण घट्ट बंद ठेवून दाबाखाली पाणी तापवलं, की ते शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं आणि चोथ्यातलं सत्त्व ओढून घेतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो.

"हे तुह्या पुस्तकात लिहेल हाये, का तूच सांगून राह्यला?" मामांनी विचारलं.

"पुस्तकात आहे, मामा."

"मंग करू. नाही जमलं तं पुस्तकवाल्याले धरू."

मिलच्या भंगारातलं एक लहान, जाड पत्र्याचं पिंप मामांनी दुरुस्त केलं. तळाला जाळी आणि तोटी, वर सेफ्टी व्हॉल्व्ह. मालकांनी सुट्टीच्या दिवशी वापरायची परवानगी दिली. मी चोथा काठोकाठ ठासून भरायला लावला. जितका जास्त, तितका अर्क जास्त, हा माझा हिशेब. गरम पाण्यात चोथा फुगला आणि जाळीवर चिखलासारखा गच्च बसला. तोटी उघडली तर थेंब येईना. मामा वाकून बघत असताना व्हॉल्व्ह उडाला आणि तपकिरी पाण्याचा फवारा थेट त्यांच्या अंगावर आला. धोतर जाड होतं म्हणून पाय पोळण्यावरच निभावलं.

ते तसेच भर बाजारातून घरी गेले. अंगाला मोहाचा वास, पाय पोळलेले म्हणून चाल वाकडी. वाटेत भजनी मंडळाचे प्रमुख भेटले. त्यांच्याच मुलीशी माझं लग्न ठरत होतं. त्याच आठवड्यात त्यांनी मामांचा मृदंग दुसऱ्याला दिला.

मी खरं सांगायला निघालो, तर मामांनीच अडवलं. "मोहाच्या भानगडीत तुह्यं नाव आलं तं सोयरीक मोडन. लग्न होऊ दे, मंग सांगजो. मले काय घाई हाये?"

पुढच्या सुट्टीला त्यांनी चोथ्यात सरकीची टरफलं मिसळली. टरफलांमुळे पाण्याला वाट मिळाली आणि तोटीतून मधासारखा पाक आला. मामांनी बोट बुडवून चाखायला नकार दिला. "वासावरून एवढं झालं, चवीवरून काय होईन?" आणि हसत सुटले. पुढे ढेपेवाल्याने तो पाक बरेच दिवस नेला.

माझं लग्न झालं. मग सासऱ्यांसमोर कसं बोलायचं, म्हणून राहिलं. मग सासरे आजारी पडले, म्हणून राहिलं. मामा भजनाच्या वेळी देवळाच्या पायरीवर बसायचे आणि मांडीवर बोटं चालवायचे. मी आत टाळ घेऊन बसलेलो असे. त्यांनी मला त्याबद्दल कधीच विचारलं नाही, आणि एक दिवस मामा गेले.

आता देवळात जुन्या मृदंगवाल्यांचे फोटो लावले आहेत. परवा मी मामांचा फोटो घेऊन गेलो. हल्लीचे प्रमुख माझे मेहुणे.

"हे तं प्यायचे ना?" ते म्हणाले.

मी त्यांना बसवलं आणि पिंपापासून सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच चष्मा काढला.

"बाबा असताना काऊन नाही सांगतलं, भाऊजी?"

"भ्यालो."

ते उठले. आतून हातोडी आणली, ओळीतले दोन फोटो सरकवून मधे जागा केली आणि मला म्हणाले, "धरा सरळ."