बांधावरचं हॅलो

आम्ही चौघी आळीपाळीने एकमेकींच्या शेतात मिरची तोडतो. हात कामात आणि तोंड मोकळं, त्यामुळे किस्से मिरचीच्या आधी साठतात. मिरची बाजारात जाते, किस्से माझ्यासोबत घरी येतात. घरी ऐकायला कोणी नाही, म्हणून लिहून ठेवते.

*

जानेफळच्या आमच्या शिवारात रेंज फक्त बांधावर मिळते. वंदना फोन घेऊन तिथे चढते आणि पाच मिनिटं नुसतं "हॅलो, हॅलो" करते. एकदा विचारलं, नांदुऱ्याला शिकणारी लेक काय म्हणाली?

"काय म्हणीन? थे बी हॅलोच म्हणून राह्यली होती."

तरी दिवसभर खुशीत होती.

*

रुक्माचं हॅलो म्हणजे दम. बियाण्याच्या दुकानात मालक बायकांकडे बघतच नव्हता. हिने काउंटरवर थाप मारली, "हॅलो भाऊ, आमी काय भिंतीले सांगून राह्यलो काय?"

तेव्हापासून तो हिला आधी खुर्ची देतो.

*

काकू आमच्यात वयाने मोठ्या. बांधावर ठेवलेल्या त्यांच्या फोनवर दुपारी मुलाचा पुण्याहून फोन येतो. "हॅलो आई, जेवलीस का?" काकू "हो" म्हणतात आणि फोन ठेवतात.

जेवलेल्या नसतात. काका गेल्यापासून आम्ही जेवायला बसलो, की त्या मिरची तोडत राहतात. फडक्यात बांधून आणलेली भाकरी तशीच परत जाते.

"काकू, भाकर काय फिरवाले आणता काय?" रुक्मा चिडवते. काकू हसतात. गाठ सुटत नाही.

*

वंदनाची लेक सुट्टीत शेतात आली होती. तिने मास्तरांकडून ऐकलेलं सांगितलं. फोन नव्हते तेव्हा इंग्रज लोक नदीपलीकडच्या नावाड्याला मोठ्याने हाक मारत. म्हणे तशाच हाकेचं पुढे हॅलो झालं.

काकूंचा हात थांबला.

"म्हंजे आमचंच झालं. मी बांधावरून 'होऽऽ' केलं, का हे विहिरीवरून 'होऽऽ' करत. मंग जेवाले येत."

रुक्माने आपल्या टोपलीतली मूठभर मिरची काकूंच्या टोपलीत टाकली.

*

मागच्या आठवड्यात काकूंच्या शेताची पाळी होती. जेवायची वेळ झाली. रुक्मा पाणी आणायला विहिरीवर गेली होती. काकू अर्धी टोपली तशीच ठेवून बांधावर चढल्या आणि विहिरीकडे तोंड करून हाक दिली.

"होऽऽ"

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

विहिरीवरून आवाज आला, "होऽऽ!"

काकू तिथेच बांधावर बसल्या. फडक्याची गाठ सोडली.

"लवकर या," त्या म्हणाल्या, "भाकर वाळून राह्यली."