हनुवटीवरचे तीन ठिपके

अक्कांनी फोटो हातात घेतला, पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"हाई मन्ही पोर नही."

मला वाटलं, पाकीट बदललं. पण पाकिटावर नाव बरोबर होतं, सुनीता. फोटोतही सुनीताच होती. आठ महिन्यांपूर्वी तो मीच तयार केला होता.

मी जळगावच्या एका स्टुडिओत रीटचिंग करते. काम धुळ्यात शिकले, त्याला आता वीस वर्षं झाली. फोटोग्राफर फोटो काढतो आणि मी कॉम्प्युटरवर त्यातली त्वचा, केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं नीट करते. चेहरा पुसून पुसून बाहुलीसारखा गुळगुळीत करणारे आमच्या धंद्यात पुष्कळ. मी त्यातली नाही, असा माझा तोरा होता. त्वचेची बारीक छिद्रं ठेवायची, कपाळावर भुरभुरणारे चार केस ठेवायचे. बघणाऱ्याला हात फिरवल्याचं कळता कामा नये. याला आम्ही नॅचरल फिनिश म्हणतो.

सुनीता चोपड्याच्या पुढची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. इथे एका ब्यूटी पार्लरमध्ये कामाला होती. पार्लरवाल्या ताईंना दुकानाच्या बोर्डासाठी चेहरा हवा होता. मॉडेल कुठे शोधत बसायची, म्हणून त्यांनी हिलाच मेकअप करून कॅमेऱ्यासमोर बसवलं. पोरगी सावळी आणि ठसठशीत. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके.

"ते ठिपके काढा हं मॅडम," ताई म्हणाल्या. "बोर्ड खेडवळ दिसेल."

मी काढले. पाच मिनिटांचं काम. शेजारची त्वचा उचलायची आणि ठिपक्यावर बसवायची. सुनीता माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती.

"मॅडम, ठिपके..." एवढंच म्हणाली.

मी मागे वळलेही नाही. "अगं, बोर्डावर कोण ठिपके बघतंय?"

ती हसली. मीही हसले आणि पुढच्या फोटोला लागले.

त्यानंतर तिची माझी गाठ पडली नाही. काविळीने गेली, एवढं पार्लरमधून कळलं. आता तिचे आईवडील समोर बसले होते. परवा गंधमुक्ती, म्हणजे तेराव्याचा विधी. त्या दिवशी पाटावर ठेवायला घरात मोठा फोटो नव्हता. पार्लरवाल्या ताईंनी त्यांना माझ्याकडे पाठवलं आणि मी बोर्डाचाच फोटो मोठा करून छापला होता.

"गोंदेल कोठे शे?" अक्कांनी विचारलं.

मी सांगायला लागले, की बोर्डासाठी काढावं लागतं वगैरे. आबांनी, म्हणजे सुनीताच्या वडिलांनी, हळूच मला थांबवलं.

"ताई, दागिना बठ्ठा आठेच ऱ्हास. गोंदेल तेवढं संगे जास. तिन्ही आजीनी गोंदेल व्हतं. तुम्ही ते बी पुसी टाकं."

दागिने सगळे इथेच राहतात, तिच्या आजीने गोंदलेलं तेवढं तिच्याबरोबर जाणार होतं, आणि मी तेही पुसलं होतं. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"थांबा, मूळ फोटो काढून देते," म्हणून मी उठले. मूळ फोटोत ठिपके होतेच. मालकांना विचारलं, "भाऊ, पार्लरच्या शूटचे ओरिजिनल कुठे आहेत?"

"मॅडम, दर महिन्याला तुम्हीच तर उडवता," भाऊ म्हणाले.

खरं होतं. आमची पद्धतच तशी. गिऱ्हाइकाने फोटो पसंत केला की तयार फोटो ठेवायचा आणि ओरिजिनल उडवून डिस्कवर जागा करायची. त्या जागेवर आतापर्यंत कितीतरी लग्नं येऊन बसली होती. शोधून काही हाती लागलं नाही.

आबांनी सुनीताचा मोबाइल पुढे केला. त्यातले सगळे सेल्फी ब्यूटी मोडमधले. हनुवटी तिथेही कोरी. आधार कार्डावर ठिपक्यांच्या जागी नुसता एक काळपट डाग.

मग ठिपके परत घालायचं ठरवलं. पुसणं सोपं असतं. वरून नुसते हिरवे ठिपके दिले, तर ते टिकल्या चिकटवल्यासारखे दिसतात. गोंदण त्वचेच्या आत असतं. त्याच्यावर छिद्रं दिसावी लागतात, कडा जराशा पसरलेल्या लागतात. तशी त्वचा आणायची कुठून?

अक्कांच्या हनुवटीवर तसेच तीन ठिपके होते.

नमुन्याला लागेल, एवढंच सांगून त्यांना खिडकीशी बसवलं आणि हनुवटीचा फोटो काढला. तो तुकडा सुनीताच्या चेहऱ्यावर वेगळ्या लेयरवर ठेवला. लेयर म्हणजे फोटोवर अंथरलेला पारदर्शक कागदच म्हणा. सुरकुत्या काढल्या. अक्का शेजारी बसून बोटाने दाखवत होत्या.

"मधला जराखा खाले. गोंदताना रडनी व्हती, हालनी ती."

मधला खाली घेतला. बोर्डासाठी उजळवलेला रंग परत सावळा केला. कानाजवळचे केस कधी बसायचेच नाहीत, असं आबा म्हणाले. तेही मीच बसवले होते. बारीक ब्रशने एकेक केस परत भुरभुरता केला. दुपार त्यातच गेली.

शेवटी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. अक्का पदर तोंडाला लावून स्क्रीनजवळ सरकल्या.

"हाई शे मन्ही सुनी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, गोंदेल तिन्हंच शे ना?"

हो म्हणता आलं असतं. माझ्याच्याने म्हणवलं नाही.

"नाही अक्का. तुमचं आहे. तिचं पुसलं गेलं माझ्या हातून."

त्यांनी स्वतःच्या हनुवटीला हात लावला. "मंग तिन्हं कोठे गये?"

मला रडू आवरेना. आबांनीच मला पाणी दिलं. नव्या फोटोची फ्रेम टॉवेलात गुंडाळून ती दोघं चोपड्याच्या बसला गेली.

आता मी ओरिजिनल उडवत नाही. डिस्क भरली की भाऊ कुरकुर करतात, करू देत. आणखी एक नियम केलाय. पुरळ, ओरखडा, असं आठवड्याभरात जाणारं बिनदिक्कत काढते. तीळ, वण, गोंदण यांना मात्र विचारल्याशिवाय हात लावत नाही. आणि ते पार्लरवालीला किंवा फोटोग्राफरला विचारायचं नाही. चेहरा जिचा, तिला विचारायचं. सुनीता तर माझ्या खुर्चीमागेच उभी होती.