उभ्याने मासे विकणारी

मुलांनो, सातपाटीहून आपल्या दारी येणारी मासेवाली मध्यंतरी टोपली ओट्यावर ठेवून उभ्यानेच मासे विकायची. "बस ना," म्हटलं की म्हणायची, "बसले तर म्हातारी होईन, बाय!" एकदा मात्र हळूच म्हणाली, "खाली लय आग होते. बसवत नाय. नवरा पण जवळ नको वाटतो." माशांच्या वासानेच होत असेल असं समजून, वास जायला हाताला चोळतात तसं ती तिथेही लिंबू चोळत होती.

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं नि म्हणाल्या, "हा त्वचेचा आजार आहे, लिंबाने चिघळलाय. मलम लाव, आराम पडेल."

बाहेर बाकावर बायका खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर उभी राहून ही मोठ्याने म्हणाली, "खाली आग होत असंल तर आत नीट सांगा गो! लिंबू नका लावू."