भरीव वाजलेली जीप

मी कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून एक जुनी जीप विकत घेतली.

कुणी भरीस पाडलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. विकणारी म्हातारी तर तोंडावर सांगत होती, "आरं, चालत न्हाई ती. माज्या कोंबड्या अंडी घालत्यात तीत." पण मला वाटलं, हिला मालाची पारख नाही. पारख मला आहे.

मला पारख आहे ती लाकडाची. माझे वडील जंगलतोडीवर मजूर होते. लाकडाच्या लिलावाआधी व्यापारी त्यांना चहा पाजून डेपोत घेऊन जायचे. वडील ओंडक्याभोवती फिरत, कुऱ्हाडीच्या पाठीनं तीन ठिकाणी ठोकत आणि कान लावत. गच्च वाजलं तर माल चांगला, ढबढब वाजलं तर आतून पोखरलेला. मत्तीचं लाकूड असो की किंदळाचं, त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. ती विद्या त्यांनी मला दिली आणि मी ती लोखंडाला लावली.

जीप बाजारकुणंग गावात म्हातारीच्या परसात फणसाखाली उभी होती. तिचा नवरा सुपा धरणावर छोटी कंत्राटं घ्यायचा. काम संपल्यावर जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली ही. डावीकडं स्टिअरिंग, पुढच्या बॉनेटवर आडवी पडणारी काच, आणि मागची चाकं निम्मी मातीत. मी गुडघ्यावर बसून चॅसिसचे दोन लांब दांडे ठोकले. गच्च. दुसऱ्या टोकाला जाऊन ठोकले. तिथंही गच्च.

"मावशी, लोखंड भरीव हाय," मी म्हणालो. शिवाय असलं लोखंड आता बनत नाही, हेही तिला समजावून सांगितलं. तिनं मान हलवली, पैसे कमरेला खोचले, गाडीच्या कागदांचा पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला आणि कोंबड्यांना हाकलायला गेली.

ते पैसे नांगरटीचा टिलर घेण्यासाठीचे होते. बायकोनं दोन वर्षं कोकम आणि सुपारी विकून साठवलेले. आमचे भाताचे तुकडे डोंगराच्या पोटात, एकाखाली एक. भाड्याचा टिलर यायचा तो सगळ्या गावाचं नांगरून झाल्यावर, म्हणून आमची लावणी दर वर्षी मागं पडायची. जीप ट्रॅक्टरला बांधून दारात आणली तेव्हा बायको अंगणात भात पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"ह्येनं नांगरायचं?"

"जुनी गाडी हाय ही. लोक शोधत फिरत्यात. जरा दुरुस्त केली की दुपटीनं जाईल."

"मग जाऊ दे की. नांगरटीच्या आदी ही दारातनं गेली पायजे आन् टिलर आला पायजे. न्हाईतर तुमी जावा."

दुसऱ्या दिवशी रामनगरहून मिस्त्रीला आणलं. वय माझ्या निम्मं, पण सगळं ऐकून घेणारा माणूस. मी त्याला दांडा ठोकून दाखवला. त्यानं शांतपणे ऐकला. मग लांब स्क्रूड्रायव्हर दांड्याला लावून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. उपसला तशी भोकातून तांबडी माती खाली सांडली आणि मातीबरोबर वाळवी चालत बाहेर आली.

"मामा, ह्यो दांडा आतनं पोकळच असतुय," तो म्हणाला. "ठोकल्यावर घंटीवानी वाजाय पायजे. गच्च वाजला म्हंजे आत माती बसलीया. तुमी गाडी न्हाई घेतली, वारूळ घेतलंय."

बायको दारातच होती. तिनं केरसुणी आणून वाळवी अंगणाबाहेर लोटली.

मिस्त्रीनं बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यावर हिशेब मांडला. चॅसिसला पट्ट्या, तळाचा पत्रा, ब्रेक, रेडिएटर, सगळं वायरिंग, इंजिन खोलून सिलिंडरचं बोअर. बेरीज झाली ती मी म्हातारीला दिलेल्या पैशांच्या तिप्पट.

"येवढं केल्यावर इकली तर किती येतील?"

"खर्चाच्या निम्मे. शौकीन लोक पयलं इंजिन मूळचं हाय का बगत्यात. हिला डिझेलचं बसवलंय कुणीतरी. रंग बी तीनदा बदललाय." मग त्यानं पत्र्याचा डबा उघडून पाहिला. "कागद मात्र अस्सल हायत. तुमी डबा घेतला आसं समजा मामा, गाडी वरनं फुकट."

इथं माझी गोष्ट संपायला हवी होती, कारण आठवड्याभरात गिऱ्हाईक चालत आलं. गणेशगुडीला राफ्टिंगच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधलेला एक गृहस्थ. त्यानं जीपचे चारी बाजूंनी फोटो काढले, गंजावरून बोट फिरवलं आणि मी दिलेल्या पैशांपेक्षा थोडे जास्तच देऊ केले. टिलर येत होता. बायकोनं चहात दूध जास्त घातलं.

"फक्त हात लावू नका काका," तो म्हणाला. "गंज आहे तसाच हवा. गेटावर ठेवणार, सीटवर झाडांच्या कुंड्या, पुढं दोन दिवे."

"आन् चालवणार कदी?"

"चालवायची कशाला? अशा गाड्या चालत नसतात."

एवढंच वाक्य. तो म्हणाला असता की गाडी भंगार आहे, तर मी हसून पैसे घेतले असते. भंगार तर ती होतीच. पण जी गाडी धरणाचे दगड-सिमेंट वाहत घाटात वर-खाली झाली, तिच्या सीटवर कुंड्या? मी म्हणालो, "चालल्याबिगर देणार न्हाई." चहा तसाच ठेवून तो गेला. ही चूक होती हे मला तेव्हाही कळत होतं. आज विचाराल तरी तेच म्हणेन.

त्यानंतर बायको माझ्याशी बोलायची ती मांजरामार्फत. "खा बाबा, तुला तरी गाडी घ्यायची न्हाई."

मी माझी मोटरसायकल विकली. मिस्त्रीशी करार केला, की चालायला लागेल तेवढंच करायचं, शोभेचं काही नाही. आणि मजुरी माझी. चार दिवस मी दांड्यांत लोखंडी सळई घालून माती ढोसत होतो, पाण्याचा पाइप लावून धूत होतो. निघालेल्या मातीत एक अळवाचा वाफा झाला. गावातले लोक येऊन बसायचे, विड्या ओढायचे आणि मला विचारायचे, आज किती गाडी निघाली आणि किती माती. मी पण सांगायचो, आज निम्मं-निम्मं. चेष्टा करणाऱ्याला मी ओढून सळई धरायला लावायचो. त्यामुळं दोघे कायमचे यायचे बंद झाले.

कागद नवे करायच्या खेपा वेगळ्याच. त्या सांगत बसत नाही.

नांगरटीला पंधरा दिवस राहिले असताना ती सुरू झाली. आधी काळा धूर, मग खोकला, मग धडधड. मिस्त्रीनं हात पुसले. मी बायकोकडं पाहिलं.

"चालली न्हवं?" ती पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. "चालल्याबिगर देणार न्हाई म्हणला हुता. आता द्या जावा."

स्वतःच्याच शब्दात सापडलो होतो, गणेशगुडीला निघालो. ती पण शेजारी चढून बसली, पैसे माझ्या हातात पडू नयेत म्हणून. वाटेत बसची वाट बघत चौघीजणी बोचकी घेऊन उभ्या होत्या. बस कधी येते हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. मी थांबणार नव्हतो, पण बायकोनंच माझा दंड धरला आणि मागं वळून म्हणाली, "बसा की गं. आमचीच हाय." चढावर इंजिन रडायला लागलं तशा पाचही बायका पुढं वाकल्या. वर पोचल्यावर बायकोनं हळूच डॅशबोर्डावरची धूळ पदरानं पुसली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

गणेशगुडीला तो गृहस्थ बाहेर आला आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, काय केलंत हे? गंज गेला. हे वेल्डिंगचे डाग कोण बघणार? आणि चालू गाडी गेटावर ठेवली तर पाहुणे चढून चावी फिरवतील." आता तो निम्मे पैसे द्यायला तयार होता.

"चालती म्हणून किंमत कमी?" मी म्हणालो. "मग बंद पडली की ये. तवर न्हाई." आणि सीटवर घट्ट बसलो.

समजूतदार माणूस शोधत तो बायकोकडं वळला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना. मला जुनं, न हलणारं काहीतरी हवं होतं."

बायकोनं एकदा त्याच्या गेटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"गाडी ऱ्हाऊ द्या, यंदा टिलर भाड्यानं आणू," ती म्हणाली. "जुनं, गंजलेलं आन् सांगून हलत न्हाई आसं पायजे आसंल तर ह्यास्नी ठेवून घ्या. कुंडी मी देते."