बर्फात नेलेला नमुना

मूल होत नाही म्हणून डॉक्टरांनी माझं वीर्य तपासायला सांगितलं, तेव्हा मी ते बर्फात घालून नेलं. थर्मोकोलच्या डब्यात, खाली-वर बर्फाच्या पिशव्या लावून, दौलताबादहून औरंगपुऱ्यापर्यंत, मोटरसायकलवर. नेऊ नका असं सांगितलेलं असताना नेलं.

माझं काम काय ते सांगितल्याशिवाय हे कुणाला पटायचं नाही. मी दूध संकलन केंद्रावर नोकरीला आहे. सकाळ-संध्याकाळ आसपासच्या गावांतली माणसं किटल्या घेऊन येतात. मी दुधात लॅक्टोमीटर सोडतो, फॅट बघतो आणि मग किटली आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. यंत्र एखाद्या वेळी चुकेल, तोंड चुकत नाही. ज्यानं पाणी घातलेलं असतं तो वर बघतो, छपराला काही नवीन फुटलंय का म्हणून. अठरा वर्षं हे केल्यावर नजर कामातून जाते. मला देवळातलं तीर्थसुद्धा पातळ वाटतं. बायको अजून सांगते की मी तिला बघायला गेलो तेव्हा तिच्याकडे कमी आणि कपातल्या चहाकडे जास्त बघत होतो. खोटं कशाला बोलू, त्या चहात दूध कमीच होतं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पस्तिशी लागली त्या महिन्यात तिनं स्वतःच दवाखान्याची वेळ घेतली आणि मला फक्त गाडी काढायला सांगितलं. तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, मग गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायची तपासणी झाली. त्या दिवशी परतताना ती घरापर्यंत गाडीचा मागचा दांडा घट्ट धरून बसली होती. मी तेव्हा काय करत होतो, तर दवाखान्याच्या भिंतीवरचे बाळांचे फोटो आठवत होतो. सगळी बाळं गुटगुटीत आणि सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच टोपी. हे फोटो कॅलेंडरातून कापलेत, अशी माझी खात्री होत चालली होती.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"यांच्या नळ्या मोकळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "अंड्यांचा साठा मात्र वयाच्या मानानं कमी दिसतोय. म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, पण आपल्याला रमतगमत चालता येणार नाही. आता तुमची तपासणी करून घ्या. खरं तर तीच आधी व्हायला हवी होती. सगळ्यात सोपी आहे."

"माझी कशाला?"

"निम्मं काम तुमचं आहे म्हणून."

तपासणीची लॅब त्याच इमारतीत खाली होती. एकच चहावाला एकाच किटलीतून वरच्या दवाखान्यात आणि खालच्या लॅबमध्ये चहा देत होता. मला एवढं पुरे होतं. वर रोग सांगायचा आणि खाली तो कागदावर उतरवायचा, चहा मिळून प्यायचा.

लॅबमधला तंत्रज्ञ पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस होता. त्यानं एक डबी पुढं केली. "इथंच देता का साहेब? आत खोली आहे. की घरून आणता?"

मी खोलीकडे बघितलं. कडी ढिली होती. आणि खोलीच्या समोरच्या बाकावर आमच्या केंद्रावर दूध घालणारा एक शेतकरी बसला होता. आठ दिवसांपूर्वीच मी त्याचं दूध पाणी आहे म्हणून परत पाठवलं होतं. त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं, मग दोघांनी पंख्याकडे बघितलं.

"घरून आणतो," मी म्हणालो.

"मग ऐका. तीन दिवस परहेज पाळा, बायकोपासून लांब राहा. डबी भरली की एका तासाच्या आत माझ्या हातात पाहिजे. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेत. थंड करू नका, उन्हात तापवू नका."

अंगाच्या उबेत. हे ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. अठरा वर्षांत उबेत टिकलेली एकही पांढरी वस्तू मी पाहिली नव्हती. मे महिना होता. नमुना वाटेतच खराब व्हावा, रिपोर्ट वाईट यावा आणि आम्ही मोठ्या उपचारांना तयार व्हावं, म्हणून हा सल्ला आहे, हे मी जिना उतरायच्या आत ओळखलं. शिवाय गायी भरवायला येणारा माणूस बैलाचं वीर्य धूर निघणाऱ्या भांड्यात गारठवून आणतो, हे मी कितीतरी वेळा बघितलं होतं. बैलाला एक न्याय आणि मला दुसरा?

चौथ्या दिवशी केंद्रावरून दुधाचे नमुने पाठवायचा डबा घरी आणला. बायको शाळेत गेली होती. पुढचं वर सांगितलंय. मिटमिटा, पडेगाव, छावणी ओलांडताना मी स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की दोन खड्डेसुद्धा चुकवले. लॅबच्या दारात डबी काढली, रुमालानं पुसली आणि आतल्या खिशात घातली. छातीला चटका बसावा इतकी ती गार होती.

तंत्रज्ञानं डबी हातात घेतली आणि थांबला. "थंड लागायली साहेब."

"वाटेत वारं होतं."

बाहेर डांबर वितळत होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी वर बघितलं.

रिपोर्टात लिहिलं होतं, हालचाल शून्य.

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला. "एका रिपोर्टवर मी काही ठरवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करू, आणि या वेळी नमुना इथंच द्या. आधीचा कसा आणला होता?"

"सांगितलं तसाच," मी म्हणालो.

बायको माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं मी धक्क्यात आहे.

मग बाईंनी पुढचे रस्ते समजावून सांगितले. पुन्हा असंच आलं तर आणखी तपासण्या कराव्या लागतील. जिवंत शुक्राणू थोडे जरी मिळाले, तरी अंडं बाहेर काढून त्यात एकेक शुक्राणू सोडायचा उपचार आहे. तेही जमलं नाही तर दात्याच्या शुक्राणूंचा विचार करता येतो, किंवा दत्तक घेता येतं. "पण हे सगळं पुढचं," त्या म्हणाल्या, "आधी दुसरा नमुना." बायको मान हलवत ऐकत होती, वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी ऐकते तसं. मी फक्त एवढंच ऐकलं की पहिला रिपोर्ट पुन्हा करायचाय. का करायचाय? खोटा आहे म्हणूनच ना? मी नमुना बर्फासारखा ताजा नेला होता. मग तो मेला कुठं? लॅबमध्ये.

दुसरा नमुना मी दिला नाही. एकदा केंद्रावर तपासणी येणार होती, एकदा माझा घसा धरला होता, एकदा लॅब बंद असेल असं मला आतून वाटलं.

त्याच काळात आम्ही पैठणला आईकडे गेलो. आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "काय म्हणली गं डॉक्टरीण?"

माझा हात ताटातच थांबला. बायको म्हणाली, "दोष माझ्यात आहे, आई."

आईनं माझ्या ताटात भाकरी टाकली. मग म्हणाली, "मग तू सोमवार धर. त्याला कशाला पळवायलीस दवाखान्यात, दमतो तो."

मी भाकरी खाल्ली. वरून ठेचाही मागितला. हे लिहिताना लाज वाटते, पण मागितला.

परतीच्या एसटीत मी हळूच विचारलं, "असं का सांगितलंस?"

"तुम्हाला सांगता आलं असतं?"

"तो रिपोर्ट खोटा आहे."

"मग खरा आणा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "अहो, दर महिन्याला मी कॅलेंडरवर खूण करते. त्या रिपोर्टनंतर चार खुणा झाल्या. बाई काय म्हणल्या ते तुम्ही पण ऐकलंय. माझ्याकडे मोजकेच महिने आहेत. तुमच्याकडे शंका लई आहेत, त्या पुरतील म्हातारपणापर्यंत."

तिनं पुढच्या सोमवारपासून उपास धरला आणि उपाशीपोटी शाळेत जाऊ लागली.

यातून मला बाहेर काढलं ते ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय होता त्या माणसानं. लॅबमधल्या बाकावरचा तो शेतकरी. त्या दिवसापासून मी त्याच्या दुधात लॅक्टोमीटर सोडायचं बंद केलं होतं. त्यानं तोंड उघडू नये म्हणून. किटली आली की मी डोळे मिटून ओतून घ्यायचो. एका सकाळी सगळे गेल्यावर तो मागं थांबला.

"साहेब, यंत्र सोडत जा की दुधात."

"का?"

"लोक बोलायलेत. म्हणतात, ह्याचं दूध साहेब बघतच नाय, हा साहेबाला काहीतरी देतो. मी काय देतो तुम्हाला?" तो जरा जवळ आला. "तिथं दिसलो म्हणून व्हय? अहो, तिथं काय चोरी करायला गेल्तो का आपण?"

मी छपराकडे बघायला लागलो.

"माझा बी पहिला रिपोर्ट वाईट आल्ता," तो म्हणाला. "थंडीचे दिवस. डबी गाडीच्या डिक्कीत टाकली आन् मळ्यातून निघालो. समदे निपचित. बायको रडाय लागली, माझं तर जेवण गेलं. दुसऱ्या बारीला बनियनच्या आत धरून नेली, तर पळायलेत की. ते लॅबमधले चाचा म्हणले, गारठ्यानं कामातून जातात, उबेत राहतात. म्हणून तर उबेत आणा म्हणतात. तुम्ही कशी नेली?"

मी त्याला सांगितलं नाही. लॅक्टोमीटर उचलला आणि त्याच्या दुधात सोडला. दूध चोख होतं.

त्याच आठवड्यात मी लॅबच्या त्या खोलीत जाऊन नमुना दिला. ढिल्या कडीला आतून स्टूल लावलं. बाहेर आल्यावर डबीवर माझंच नाव आहे का ते तंत्रज्ञाला तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा त्यानं न विचारताच वाचून दाखवलं.

या वेळी रिपोर्टात शुक्राणूंची संख्या जरा कमी होती, पण हालचाल होती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "हा फरक मला कळत नाही. त्या लॅबशी मला बोलावं लागेल. त्यांच्याकडून काही चूक झाली असेल तर इतर पेशंटचंही बघायला हवं."

तो मेंदीच्या दाढीचा माणूस माझ्या डोळ्यांपुढं आला. आणि शेजारी बायको, सोमवारची, उपाशी.

"मी तो बर्फात आणला होता," मी म्हणालो.

"कशात?"

"बर्फात. दुधाच्या डब्यात. बैलाचं ठेवतात ना तसं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बैलाचं गोठवण्याआधी त्यात खास द्रावण मिसळतात, म्हणून ते टिकतं. तुम्ही काही मिसळलं होतं का?"

"नाही."

"नशीब," त्या म्हणाल्या.

बायको उठून उभी राहिली. घरी येऊन तिनं फोन लावला, "आई, यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मी आईला सगळं सांगितलं, डब्यासकट. मग तिनं विचारलं, "तिनं आज काही खाल्लंय का?" मी नाही म्हणालो. "मग आधी तिला जेवू घाल," म्हणाली आणि फोन ठेवला. मी खिचडी टाकली. ती खाली लागली होती, पण बायकोनं खाल्ली. जेवताना एकदाच म्हणाली, "पाच महिने." बस्स, एवढंच.

आता उपचार असा ठरलाय. बायकोनं गोळ्या घ्यायच्या, अंडं कधी तयार होतंय ते सोनोग्राफीवर बघायचं, आणि त्या दिवशी माझा नमुना लॅबमध्ये स्वच्छ करून, त्यातले चांगले शुक्राणू नळीनं तिच्या गर्भाशयात सोडायचे. तीन-चार वेळा करून बघू, जमलं नाही तर वेळ न घालवता पुढच्या उपचाराकडे जाऊ, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. तीन वेळा की चार, हे मी त्यांच्याकडून लिहून मागणार होतो. बायकोनं टेबलाखालून पाय दाबला.

पहिल्या वेळेचा दिवस आला. खाली लॅबमध्ये गर्दी होती, बाकं भरलेली. वर दवाखान्यातल्या बाळांच्या फोटोंत एकाची भर पडली होती, टोपी तीच. तंत्रज्ञानं डबीवर माझं नाव लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि सवयीनं विचारलं, "इथंच देता ना साहेब? की घरून आणता?"

मी तोंड उघडायच्या आत बायको बाकावरूनच, वर्गात शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "इथंच देतील. यांच्या हातात डबी देऊन यांना बाहेर सोडू नका चाचा, बर्फात घालून आणतील."