बेस गिटार आणि मोबाईलमधले मास्तर

नागभीडच्या रेल्वे मैदानात मी पहिल्यांदा बेस गिटार ऐकली, ती कानांनी नाही. मी अनवाणी उभा होतो आणि तो आवाज जमिनीतून तळपायात शिरला. मला वाटले मालगाडी येते आहे. रुळाकडे पाहिले, गाडी नव्हती. स्टेजवर एक बारीकसा माणूस चार तारांची गिटार घेऊन, कोणाकडे न बघता उभा होता.

पुढे मीही तीच धरली. चौथी शिकलेला माणूस मी, ब्रह्मपुरीच्या एका नाटक कंपनीत बेस वाजवतो. यंदा मालकांचा मुलगा प्रणय कंपनी बघायला लागला आणि त्याने माझ्या फोनमध्ये प्रॅक्टिसची बरीच अ‍ॅप टाकून दिली. म्हणाला, "काका, दिवाळीपर्यंत पक्के व्हा. नाई तर मले दुसरी सोय करावी लागंल."

दुसरी सोय म्हणजे माझी जागा जाणार, एवढे कळायला चौथी पुरते. तेव्हापासून हे किस्से साचत गेले. मित्र ऐकून हसतात. मला अजून रागच येतो.

*

पहिला ट्यूनरचा. वस्तू चांगली आहे. तार छेडली की काटा हलतो, सूर जुळला की हिरवा दिवा लागतो.

आमची तालीम राइस मिलच्या मागच्या खोलीत चालते. एक दिवस अ‍ॅप उघडले आणि दिवा हिरवा! गिटार अजून पिशवीत होती. मिलचा पट्टा तेवढा चालू होता.

आमचे ढोलकीवाले झिंगरभाऊ शांतपणे म्हणाले, "मिल सुरात आहे जी. तुमचं पाहा."

आता मिल बंद झाल्याशिवाय मी ट्यूनर उघडत नाही. मिलवाला मात्र धान घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आपली मिल सुरात आहे, मोबाईलने तपासली.

*

दुसरे अ‍ॅप टिकटिक करणारे, ताल पळू नये म्हणून. फुकटचे होते, त्यामुळे मध्येच जाहिरात ओरडायची.

वनिताबाई आमच्या गाणाऱ्या नटी. तालमीत त्या मेलेल्या लेकराचे गाणे गात होत्या, मांडीवर लेकरू म्हणून गुंडाळलेले पांघरूण. आवाज असा लागला होता की मिलमधले हमाल दारात येऊन उभे राहिले. तेवढ्यात माझ्या खिशातून एक बाई किंचाळली, "प्लॉट घ्या, आजच बुक करा!"

वनिताबाईंनी सूर न सोडता पांघरुणाकडे पाहिले. "ऊठ रे बावा," त्या म्हणाल्या, "प्लॉट भेटून राह्यला."

हमाल हसून लोळले. मी फोन कोंड्याच्या पोत्यात खुपसला. तिथूनही तो टिकटिक करत राहिला.

*

तिसरे अ‍ॅप तुमचे वाजवणे ऐकते आणि चांदण्या देते. त्याला नेट लागते, आणि आमच्या गावात नेट फक्त तलावाच्या पाळीवर. म्हणून मी तिथे मोहाच्या झाडाखाली बसायचो. आवाज वाढवणारा अ‍ॅम्प नसला की बेसचा आवाज वाजवणाऱ्यालाच येतो. शेतात जाणारे थांबून विचारायचे, "काऊन जी, बिघडली का?"

मी वाजवायचो, अ‍ॅप लाल व्हायचे. इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल रंग कळतो. रोज लाल. बोटांची कातडी निघाली तरी लाल.

एक दिवस झिंगरभाऊ शेजारी येऊन बसले आणि पन्नीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटू लागले. थाप, घास, थाप, घास. अ‍ॅप हिरवे झाले. तीन चांदण्या!

मी तारेला हात लावला नव्हता. फोन तलावात फेकायला उठलो, तर झिंगरभाऊंनी मनगट धरले. "फेकू नोका. प्रणयले दाखवा. बेसवर मले घेते का ते पाहू."

*

एक अ‍ॅप मात्र मला आवडले, ते सांगितलेच पाहिजे. गाणे अर्ध्या वेगाने वाजते आणि बेसचा एकेक सूर वेगळा दिसतो. माझ्यासारख्या हळू माणसासाठी कोणी तरी मायेने केल्यासारखे. मी त्यावर अवघड जागा शिकलो. बायकोने एकदा ऐकले आणि विचारले, "गाणाऱ्याले ताप आहे का जी?"

*

शेवटचे अ‍ॅप गाण्यातली वाद्ये वेगळी करते. बेस काढून टाकायचा आणि त्या जागी आपण वाजवायचे. सरावाला याहून चांगले काही नाही. मी खूश होतो. जे काढता येते ते ठेवूनही घेता येते, हे माझ्या डोक्यात आले नाही.

दिवाळीआधीच्या एका तालमीला गेलो, तर माझ्या जागेवर स्पीकर ठेवलेला. प्रणय म्हणाला, "काका, बसा आरामात. मागच्या सीझनच्या रेकॉर्डिंगमधून तुमचा बेस वेगळा काढून घेतला. आता हाच चालंल. तुमीच वाजवून राह्यले ना!"

मी गिटार पिशवीतच ठेवली आणि पोत्यावर बसलो.

त्याने मुलीच्या पाठवणीचे गाणे लावले. वनिताबाई उभ्या राहिल्या. हे रेकॉर्डिंग कोणत्या प्रयोगाचे आहे ते मला पहिल्या सुरालाच कळले. त्या आठवड्यात वनिताबाईंची आई गेली होती आणि नाटक ठरलेले म्हणून त्या तशाच आल्या होत्या. त्या प्रयोगात दुसऱ्या अंतऱ्याला त्यांचा आवाज एकदम तुटला होता. झिंगरभाऊंची ढोलकी थांबली. मी एकच तार हळूहळू वाजवत राहिलो, त्यांच्याकडे बघत, त्यांना श्वास सापडेपर्यंत. लोकांना तो अभिनय वाटला, टाळ्या पडल्या. प्रणय तेव्हा कंपनीत नव्हता. आम्ही कोणी त्यावर कधी बोललो नाही.

आता तालमीत तोच दुसरा अंतरा आला. वनिताबाईंचा आवाज नीट होता, त्या ओळ म्हणून पुढे गेल्या. स्पीकर गेला नाही. तो त्याच जागी थांबला आणि तोच एक सूर हळूहळू वाजवू लागला.

झिंगरभाऊंनी ढोलकीवरून हात उचलला.

"हे कुठी अडकलं?" म्हणत प्रणय लॅपटॉपवर वाकला.

वनिताबाई गायच्या थांबल्या होत्या. स्पीकर त्या प्रयोगासारखीच त्यांच्या श्वासाची वाट बघत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. पदर खांद्यावर घेतला, दाराशी चपला घातल्या आणि मिलच्या फाटकातून रस्त्याकडे निघून गेल्या.