राजपालसरांचं लायसन

कळंबच्या बुद्धविहाराला लागून पत्र्याची एक लांबट खोली आहे. तिला सगळे अभ्यासिका म्हणतात. पोलीस भरतीची, तलाठ्याची, रेल्वेची तयारी करणारी पोरं तिथं सकाळपासून माना खाली घालून बसलेली असतात. त्या पोरांतच कानशिलं पांढरी झालेला एक माणूस बसायचा. नवी पोरं त्याला काका म्हणायची, जुनी सर म्हणायची. नाव राजपाल, वय त्रेचाळीस, आणि तयारी विम्याच्या सर्व्हेअरची.

हे काय असतं, ते त्याला रोज कुणाला तरी समजावून सांगावं लागे. ट्रक उलटला, गिरणी जळाली, की नुकसान नेमकं किती झालं ते ना मालकानं ठरवायचं ना विमा कंपनीनं. ते ठरवतो लायसनवाला तिऱ्हाईत माणूस, म्हणजे सर्व्हेअर. त्या लायसनसाठी इंजिनिअरिंगचं शिक्षण लागतं, एखाद्या मुरलेल्या सर्व्हेअरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते आणि परीक्षा काढावी लागते. शिक्षण राजपालकडं होतं. उमेदवारी चालू होती. परीक्षा मात्र काही केल्या निघत नव्हती.

तो मुळात मास्तर. गावाबाहेरच्या एका खाजगी पॉलिटेक्निकात वर्कशॉप शिकवायचा. फळ्यावर तो बेताचाच, पण लोखंड कातायच्या लेथपाशी उभा राहिला की पोरांच्या हातात कसब उतरवायचा. संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव. एका साली कॉलेज तपासायला समिती आली, तेव्हा हिंमतरावांनी दुसऱ्या गावचे मास्तर त्या दिवसापुरते आणून खुर्च्यांवर बसवले आणि काय बोलायचं ते स्टाफला आदल्या दिवशी पढवून ठेवलं. समितीतल्या एका वयस्क बाई राजपालला वर्कशॉपात भेटल्या. साध्या आवाजात त्यांनी विचारलं, ही मंडळी रोज इथं शिकवतात का. राजपालनं 'हो' म्हणायची पुरती तयारी केली होती, पण तोंडातून 'नाही' गेलं. ते का गेलं, हे त्याला आजही सांगता येत नाही.

त्या एका शब्दानं मान्यता गेली. हिंमतरावांनी त्याला लगेच काढलं, आणि पुढं कॉलेजलाच कुलूप लागलं. लबाडी हिंमतरावांची होती, पण बोल राजपालला लागला. शिपाई, कारकून, सोबतचे मास्तर, सगळे घरी बसले होते. राजपालची बायको संघप्रिया अंगणवाडीत सेविका. तिला आठवडी बाजारात एका शिपायाच्या बायकोनं गाठलं आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचा खरेपणा आमच्या चुलीत पाणी ओतून गेला." तेव्हापासून संघप्रिया बाजार उठायच्या वेळेलाच भाजीला जाऊ लागली.

जिल्ह्यात हिंमतरावांच्या शब्दाला वजन होतं. राजपाल कुठंही मुलाखतीला गेला, तरी त्याच्या आधी फोन पोचलेला असायचा. सरकारी भरतीचं वय उलटून गेलेलं. शेवटी तो मोटरसायकलवर पार्सलं वाटू लागला. दार उघडणारा कधी त्याचाच विद्यार्थी निघायचा. तो "सर, तुम्ही?" म्हणायचा आणि राजपाल सहीसाठी पेन पुढं करायचा.

असंच एक दार, धाराशिवातलं, निकितानं उघडलं. त्याच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ती एक. आता तिथं सर्व्हेअर होती, दारावर पाटी होती. तिनं त्याला आत बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि या परीक्षेचं तिनंच सुचवलं. उमेदवारी माझ्याकडं करा म्हणाली. तेव्हापासून राजपाल तिच्याबरोबर गॅरेजांत नि कारखान्यांत हिंडू लागला. गॅरेजवाले तिला मॅडम म्हणत, आणि याला 'मॅडमचे सर'.

काम त्याला आवडायचं. गाडीची वाकलेली चासी, तुटलेला गिअर बघितला की नेमकं काय घडलं असेल ते त्याच्या डोळ्यापुढं यायचं. घोडं अडलं ते पुस्तकापाशी. ज्याच्या त्याच्या विषयाच्या पेपराखेरीज एक पेपर सगळ्यांना सक्तीचा, विम्याच्या तत्त्वांचा. त्याची भाषा कायद्याची इंग्रजी. अर्ध्या पानाचं एकेक वाक्य, त्यात अटी, अटींना अपवाद, अपवादालाही अपवाद. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातून निसटलेली असायची. आयुष्यभर त्यानं हातात वस्तू देऊन शिकवलं होतं. इथं हातात घेण्यासारखं काहीच नव्हतं. शेजारची पोरं धडाधड पाठ करत आणि हा एकाच पानावर दुपार काढी. एका पोरानं भाबडेपणानं त्याला सांगितलं, काका, लक्षात राहत नसेल तर दहा वेळा लिहून काढा. हेच वाक्य राजपालनं वर्गात कितीदा वापरलं होतं.

पहिल्यांदा तो थोडक्या मार्कांनी नापास झाला. घरी सांगितलं. संघप्रिया म्हणाली, गाडी तरी पहिल्या किकला कुठं सुरू होते. चैताली, त्यांची पोरगी, बारावीला होती. तिनं आपल्या टेबलाचा अर्धा भाग बाबांना दिला.

दुसऱ्यांदा त्यानं जीव तोडून अभ्यास केला, आणि निकाल पहिल्यापेक्षाही खाली लागला. अभ्यासिकेत बसल्या बसल्या मोबाइलवर त्यानं तो पाहिला. त्याच वेळी बाहेर पोलिसात लागलेल्या एका पोराला खांद्यावर घेऊन बाकीची नाचत होती. पेढ्याचा बॉक्स राजपालपर्यंत आला. त्यानं पेढा घेतला, खाल्ला आणि घरी गेला. संघप्रियानं विचारलं तेव्हा म्हणाला, निकाल लांबलाय.

ज्याला समितीपुढं साधं 'हो' म्हणता आलं नव्हतं, त्याला हे खोटं किती सहज आलं याचंच त्याला नवल वाटलं. मग ते खोटं रोज राखावं लागलं. ती विचारी, हा टाळी. पुढं तिनं विचारणं सोडलं, आणि ते त्याला जास्त लागलं. अभ्यासिकेत जाऊन तो नुसता पुस्तकावर डोळे लावून बसे. ताटातलं अन्न तसंच राही. एका संध्याकाळी पार्सलं देऊन परतताना मांजरेच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली आणि कठड्याला हात टेकून उभा राहिला. आपण कशासाठी थांबलो, हे ध्यानात आलं तेव्हा त्यानं कठड्यावरचे हात काढून घेतले. गाडीवर बसायचा धीर होईना. गाडी ढकलतच त्यानं पूल ओलांडला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

त्याच सुमारास निकिताचा फोन आला. कळंबजवळच एका वर्कशॉपला आग लागलेली, बघायला जायचं होतं. पत्ता राजपालनं दोनदा विचारून घेतला. जागा त्याच कॉलेजची होती. कुलूप लागल्यावर हिंमतरावांनी जुन्या लेथ मशीनांवर शेतीच्या अवजारांचं काम सुरू केलं होतं, असं गावात बोललं जायचं. निकिता कॉलेजच्या चांगल्या दिवसांत शिकून गेलेली. सर तिथून नेमके कसे बाहेर पडले, हे तिला ठाऊक नव्हतं आणि राजपालनंही कधी सांगितलं नव्हतं. आत्ताही त्यानं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण हिंमतरावांची राख एकदा डोळ्यांनी बघावी, असं त्याला वाटलं, हे खरं आहे.

छत खाली आलं होतं. करपलेले, वाकलेले पत्रे मशीनांवर पडले होते. विमा कंपनीला शंका अशी होती की ही मशीनं कॉलेज बंद झाल्यापासून मेलेलीच होती आणि भंगाराला मालकानं चालती मशीनं म्हणून दाखवलंय. तसं असलं तर भंगाराचाच भाव मिळणार होता. निकिता पुढच्या बाजूला पंचनामा वाचत होती. राजपाल मागच्या कोपऱ्यात गेला. तिथला लेथ त्याच्या ओळखीचा होता. त्यानं पत्रा उचलून आत पाहिलं.

लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, रसवंतीच्या चरकाचा रूळ पकडलेला होता. अर्धा कातून झालेला, अर्धा तसाच. खाली काजळीत लोखंडाच्या किसाचा ढीग. आग लागली तेव्हा मशीन चालू होतं, याहून मोठा पुरावा नव्हता. हिंमतराव निदान एवढ्या बाबतीत खरं बोलत होते.

राजपालनं पत्रा हळूच खाली ठेवला.

तो बाहेर आला आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा सांगून बसला. कुणी पाहिलं नव्हतं. निकिताचा हात गाड्यांवर बसलेला; एवढ्या ढिगाऱ्यात तो कोपरा तिच्या नजरेतून सुटलाही असता. आपण काहीच करायचं नाही, नुसतं गप्प राहायचं. एका शब्दानं घर बसलं होतं, एका न बोललेल्या शब्दानं फिटंफाट होणार होती. चहा गार झाला.

तेवढ्यात हिंमतराव स्वतः तिथं आले. अंगानं उतरलेले, दाढी वाढलेली. राजपालला त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. बाकावर टेकत ते म्हणाले, "सर, तुम्ही इथं आलाव म्हटल्यावर माझा क्लेम गेला, हे मला उमगलं. तुमच्या जागी मी असतो तर मीबी हेच केलं असतं."

माफी नव्हती, विनवणीही नव्हती. आपल्यासारखाच हा माणूस असणार, एवढं त्यांनी गृहीत धरलं होतं. राजपालला ते सहन झालं नाही. तो उठला आणि सरळ आत गेला.

निकिताला त्यानं बाजूला घेतलं. "मॅडम, मला या कामातून काढा," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं तिला मॅडम म्हटलं. "या माणसाचं नि माझं वैर आहे. मी ते येण्याआधी सांगायला पाहिजे होतं. आणि मागच्या कोपऱ्यातला पत्रा उचलून बघा. मी तो बघून परत झाकून ठेवला होता."

निकितानं हातातला पंचनामा मिटला. मग तिनं ते आधी सांगायला हवं होतं एवढंच म्हटलं आणि त्याला गाडीत जाऊन बसायला सांगितलं. त्या प्रकरणावर त्याची सावलीही पडायला नको होती. गाडीच्या काचेतून त्याला दिसलं, ती दोन माणसं लावून पत्रे हलवत होती, फोटो काढत होती. परतीच्या वाटेवर आपली उमेदवारीही संपली, असं राजपालनं धरून टाकलं. त्याला उतरवताना ती म्हणाली, "सर, लेथवर चूक झाली की आधी मशीन बंद करा, मग सांगा, असं तुम्ही शिकवलं होतंत. आज तुम्ही आधी झाकलंत, पण शेवटी सांगितलंत. सोमवारी मुरुम गावात ट्रक बघायचाय, या."

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यानं संघप्रियाला सगळं सांगितलं, आगीचं आणि निकालाचंही. त्याला वाटलं होतं, ती रडेल किंवा समजूत काढेल. ती संतापली. "समितीतल्या बाईला खरं सांगितलंत, त्या हिंमतरावापायी खरं सांगितलंत," ती म्हणाली. "माझ्या वाट्यालाच तेवढं खोटं कसं आलं?" पुलाचं तर त्याला तेव्हाही सांगता आलं नाही.

पुढं कितीतरी दिवस ती कामापुरतं बोलली. मग एका दुपारी अंगणवाडीतून आली आणि त्याचं पुस्तक उचलून समोर बसली. म्हणाली, काय एवढं असतं यात, मला तरी कळू द्या. चिडूनच म्हणाली होती. राजपालनं पहिलं तत्त्व तिला मराठीत सांगायला घेतलं. विम्यानं नुकसान भरून निघावं, फायदा होऊ नये. ती म्हणाली, म्हणजे जुनं पातेलं फुटलं तर नवं मिळणार न्हाय का? तो थांबला. मग पातेलं किती जुनं, किती झिजलं, हे तिला सांगता सांगता तो पुस्तकाच्या पुढच्या पानावर कधी पोचला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. जिथं तिला समजेना, तिथं त्यालाही समजलेलं नव्हतं, हे उघडं पडू लागलं. ती सोडत नसे. अपवादाचाही अपवाद तिनं त्याच्याकडून तीन-तीनदा वदवून घेतला. राग मात्र तिचा पुरता गेला नव्हता. मधेच ती पुस्तक मिटून उठून जाई.

तिसऱ्यांदा तो सोलापूरला परीक्षेला गेला तेव्हा संघप्रिया सोबत आली आणि केंद्राच्या फाटकाबाहेर सावली धरून बसली. या खेपेपासून परीक्षा संगणकावर होती, त्यामुळं निकाल तिथंच कळला. सक्तीचा पेपर निघाला. यंत्रांचा, त्याच्या स्वतःच्या विषयाचा पेपर दोन-तीन मार्कांनी राहिला. हसावं की रडावं, ते दोघांनाही कळेना. येताना एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. बाहेर बघतच म्हणाली, हा निकाल तरी मला तुमच्या बरोबरीनं कळला.

हिंमतरावांचा क्लेम मंजूर झाला. त्यांनी राजपालला ना निरोप धाडला ना कुठं चांगला शब्द टाकला. एका लग्नात समोरासमोर आले तेव्हा मान हलवल्यासारखं केलं आणि पुढं गेले. जुन्या स्टाफमधले लोक अजूनही तोंड फिरवतात. राजपाल अजून पार्सलं वाटतो, बोलावणं आलं की निकिताबरोबर जातो, आणि उरलेल्या वेळी अभ्यासिकेत बसतो. लायसन अजून आलेलं नाही. कधी कधी पहाटे जाग येते. चैतालीचं कॉलेज, आपलं वय, उरलेला तो एक पेपर, सगळं एकदम अंगावर येतं. तेव्हा तो संघप्रियाला उठवतो. पहिल्यांदा उठवलं, तेव्हा त्यानं तिला मांजरेच्या पुलाचं सांगितलं होतं. त्या दिवसापासून संध्याकाळी त्याला यायला उशीर झाला की ती फोन करते आणि कुठं आहात, एवढंच विचारते.